एअरप्ले : एक अल्बम काढून मोकळा झालेला स्टुडिओवाल्यांचा बँड

काळी चार

गेल्या आठवड्यात जुन्या कॅसेटींच्या धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, की सगळे पट्टीचे वादक एकत्र आले की पॉप-रॉक बँड चांगला होतो का. तिथे उत्तर लांबलं असतं, म्हणून वेगळा धागा.

माझ्या डोळ्यांसमोर लगेच आला तो लॉस एंजेलिसचा ‘एअरप्ले’. जे ग्रेडन (गिटार), डेव्हिड फॉस्टर (कीबोर्ड) आणि गायला टॉमी फंडरबर्क. १९८० साली आरसीएने त्यांचा अल्बम काढला. नाव तेच, ‘एअरप्ले’. दहा गाणी. त्यानंतर दुसरा अल्बम नाहीच.

नाव ऐकलं नसेल तरी यांचं काम तुम्ही ऐकलंय. स्टीली डॅनच्या ‘पेग’मधला गिटारचा सोलो ग्रेडनचा (१९७७). त्या सोलोसाठी आधी एकामागून एक गिटारवादक येऊन वाजवून गेले होते आणि बेकर-फेगन जोडीने (स्टीली डॅन म्हणजे हेच दोघे) सगळ्यांना घरी पाठवलं होतं. नंतर ग्रेडन आला, काही तास घासला आणि जे उरलं ते आज गिटार शिकणारी पोरं सूर मोजून मोजून बसवतात. फॉस्टर मूळचा कॅनडातल्या व्हिक्टोरियाचा. त्याची ओळख करून द्यायची तर ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’चा निर्माता एवढं म्हटलं तरी पुरे, पण ती पुढची गोष्ट, १९९२ची.

१९७०च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये स्टुडिओत वाजवणाऱ्यांची एक वेगळीच जमात होती. वादकांच्या युनियनचा दर ठरलेला, तीन तासांचं एक सेशन. मागणी असलेला माणूस दुप्पट दर घ्यायचा आणि तरी दिवसाला दोन-तीन सेशनं मारायचा. सकाळी साबणाची जाहिरात, दुपारी कुणा गायिकेचा अल्बम, रात्री सिनेमाचं पार्श्वसंगीत. समोर कागद ठेवला की वाचायचं, नाही ठेवला की तिथल्या तिथे सुचवायचं. ग्रेडन आणि फॉस्टर त्या यादीत अगदी वर होते.

या दोघांनी गायक-गीतकार बिल चॅम्प्लिनला घेऊन ‘आफ्टर द लव्ह हॅज गॉन’ लिहिलं. १९७९ला ते ‘अर्थ, विंड अँड फायर’ या बँडने गायलं, अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं आणि पुढच्या वर्षी सर्वोत्कृष्ट आर अँड बी गाण्याचं ग्रॅमी घेऊन आलं. आता मनात येणारच ना, की दुसऱ्यांना इतकं देतो तर एकदा आपल्या नावावर करून बघू. तेच गाणं त्यांनी स्वतःच्या अल्बमच्या शेवटी ठेवलंय. बाकी मदतीला कोण, तर ड्रमवर जेफ पोर्कारो आणि माइक बेअर्ड, बेसवर डेव्हिड हंगेट, गिटारला स्टीव्ह लुकाथर आणि रे पार्कर ज्युनियर, ब्रासला जेरी हे आणि मंडळी. थोडक्यात अर्धा ‘टोटो’ (स्टुडिओवाल्यांचाच गाजलेला बँड) आणि मायकेल जॅक्सनचा अर्धा ब्रास सेक्शन.

अमेरिकेत तो फारसा चालला नाही. का, यावर माझं एक मत आहे, आधी तुमचं ऐकतो.

पुणेरी पेटी

आत्ता अख्खा अल्बम ऐकला. वाजवलंय झकास, वाद नाही. पण दहा गाण्यांत एकदाही कुणाचा तोल गेला नाही हो. बँड म्हणजे चार जण एका खटारा गाडीत भांडत फिरतात, एकाला सूर लागत नाही, दुसरा रागावून निघून जातो, आणि त्यातून काहीतरी बाहेर पडतं. इथे सगळं जागच्या जागी. गायक कोण आहे तेही तिसऱ्या गाण्यापर्यंत कळलं नाही मला. तुमच्या प्रश्नाचं उत्तर ते चालले नाहीत यातच आहे.

अवली

पेटीशी सहमत. मुखपृष्ठावर नाव काढून दुसऱ्या कुणाचंही टाकलं असतं तरी चाललं असतं.

मंद्र सप्तक

ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात असल्यामुळे मला राहवत नाही. पेटीसाहेब, हेडफोन लावून ‘नथिन यू कॅन डू अबाउट इट’ पुन्हा ऐका. ग्रेडनचा सोलो एकटी गिटार नाही. तो एक ओळ वाजवतो, मग त्याच ओळीवर तिसरा, पाचवा असे सूर धरून तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजवतो. प्रत्येक वेळी सूर ओढण्याची गती, कंप, सोडण्याची जागा तंतोतंत तीच. शेवटी एखादा वाद्यवृंदाचा ताफा वाटावा असा गिटारांचा थर उभा राहतो. याला तिकडे ‘वायर क्वायर’ म्हणतात. हे १९८०चं टेपवरचं काम आहे. कॉपी-पेस्ट नाही, बेसूर झालेली नोट उचलून सरळ करणारं सॉफ्टवेअर नाही. चुकलं की टेप मागे, पुन्हा पहिल्यापासून.

माझ्याकडे येणाऱ्या तरुण गिटारवाल्यांना हे ऐकवतो. आधी हसतात, मग गप्प होतात, मग एकेक जण घरी जाऊन करून बघतो आणि चारच थरांत दमतो.

आणि हो, हेच गाणं १९७९ला मॅनहॅटन ट्रान्सफर या चौघा गायकांच्या ग्रुपने ‘एक्स्टेन्शन्स’ अल्बमवर आधीच गायलंय. निर्माता ग्रेडनच! म्हणजे स्वतःच्या बँडचं चांगलं गाणं स्वतःच दुसऱ्यांना आधी देऊन टाकलेलं.

काळी चार

@मंद्र सप्तक, नेमकं इथेच बोट ठेवलंत. दहापैकी निदान दोन गाणी तरी बाजारात आधी दुसऱ्यांच्या आवाजात येऊन गेली होती. ऐकणाऱ्याला वाटणार, हे तर त्या अर्थ, विंड अँड फायरचं गाणं कुणीतरी परत गातंय. मूळ लेखक आपल्याच गाण्याची नक्कल करणारा ठरला.

आता माझं मत. एअरप्लेला वेळ द्यायला कुणाकडे वेळच नव्हता. १९८० हेच साल घ्या. त्याच वर्षी गायक बॉझ स्कॅग्जचा ‘मिडल मॅन’ आला, त्यातली रेडिओवर वाजलेली गाणी लिहिण्यात फॉस्टरचा हात. त्याच वर्षी ‘अर्बन काउबॉय’ सिनेमात स्कॅग्ज-फॉस्टर जोडीचं आणखी एक गाणं. त्याच वर्षी ग्रेडनने गायक अल जॅरोचा ‘धिस टाइम’ केला, लगेच १९८१ला ‘ब्रेकिन अवे’, त्याला ग्रॅमी. १९८१लाच ग्रेडन, लुकाथर आणि चॅम्प्लिनने लिहिलेलं ‘टर्न युअर लव्ह अराउंड’ जॉर्ज बेन्सनने गायलं, त्यालाही ग्रॅमी. १९८२ला फॉस्टरने ‘शिकागो’ बँडची बुडती नाव वर काढली, ‘हार्ड टू से आय एम सॉरी’ पहिल्या क्रमांकावर. या माणसांना सांगा, की हे सगळं थांबवा आणि आठ महिने बसमधून फिरून ओहायोतल्या कॉलेजात तीनशे पोरांसमोर वाजवा. कोण जाईल?

बहुतेक बँड पैसे नाहीत म्हणून मोडतात. इथे घरी बसून मिळणारा पैसा इतका होता की बँडची कुणाला गरजच पडली नाही.

पुणेरी पेटी

हे पटलं. पण मग ते बँड होते असं का म्हणायचं? दोन निर्माते, एक गायक, बाकी मानधनावर आलेले मित्र. याला मी प्रकल्प म्हणेन.

जर्सीकर

वाद जुना आहे. याच फॉस्टरचा याआधीचा एक बँड आहे, ‘ॲटिट्यूड्स’. १९७५ला जॉर्ज हॅरिसनच्या ‘एक्स्ट्रा टेक्स्चर’च्या सेशनांत फॉस्टर, ड्रमर जिम केल्टनर, गिटारवाला डॅनी कॉर्चमार आणि बेसवाला पॉल स्टॉलवर्थ यांचं जमलं. हॅरिसनने आपल्या ‘डार्क हॉर्स’ कंपनीतून त्यांचे दोन अल्बम काढले. दुसरा १९७७चा. मग बंद. यात चौघे सारखे. तरी नाहीच टिकला.

गंमत म्हणजे त्यांचं ‘हनी डोन्ट लीव्ह एलए’ हे कॉर्चमारचं गाणं पुढे गायक जेम्स टेलरने ‘जेटी’ अल्बमवर घेतलं आणि लोकांना ते टेलरचंच वाटतं. काळी चार म्हणतात तसंच पुन्हा.

कॉर्चमारचा आणखी एक बँड, ‘द सेक्शन’. तो, लेलंड स्क्लार (ती लांब दाढी पाहिलीच असेल), रस कंकल आणि क्रेग डर्ज. दिवसा जेम्स टेलरच्या मागे, उरलेल्या वेळात स्वतःचं. १९७२, १९७३ आणि मग एकदम १९७७, असे तीन अल्बम. ते जवळजवळ सगळं वाद्यसंगीत आहे, पॉप-रॉक म्हणता येणार नाही, पण आजार तोच. जॅक्सन ब्राउनचा ‘रनिंग ऑन एम्प्टी’ ज्यांनी वाजवला ते हेच, आणि त्यांचं नाव त्यामुळेच लोकांच्या कानावर गेलं, स्वतःच्या अल्बमांमुळे नाही.

यातले कॉर्चमार, स्क्लार आणि कंकल आता म्हातारपणी ‘द इमीजिएट फॅमिली’ नावाने एकत्र वाजवतात. तिथे धमाल करतात. आता सेशनं कमी झाली, वेळच वेळ!

घुम्या

मग टोटो कसे टिकले? तेही स्टुडिओवालेच ना? १९८२चा चौथा अल्बम, सहा की सात ग्रॅमी वगैरे.

जर्सीकर

कारण ते आधी शाळेतले मित्र. पोर्कारो भाऊ, पेच, लुकाथर, सगळे लॉस एंजेलिसच्या ग्रँट हायस्कूलचे. सेशनं नंतर आली. भांडायला, रुसायला आणि परत यायला घर होतं. आणि तरीही बघा, डेव्हिड हंगेट त्यांच्यात वयाने मोठा, शाळेतला नव्हे. तो १९८२ला चौथा अल्बम यशाच्या शिखरावर असताना बाहेर पडला आणि नॅशव्हिलला जाऊन पुन्हा स्टुडिओतच वाजवू लागला. दौऱ्यांपेक्षा ते बरं वाटलं त्याला.

काळी चार

हंगेटचं उदाहरण एक नंबर. एअरप्लेच्या अल्बमवर बेसही त्याचाच. म्हणजे एका माणसाने दोन्ही प्रकारचे बँड आतून पाहिले आणि शेवटी स्टुडिओ निवडला.

नाना लंडनवाले

तुम्ही सगळे अमेरिकेतच अडकलात. मी १९७० ते ७६ इंग्लंडात होतो, तिथे ‘ब्लू मिंक’ होते. हर्बी फ्लॉवर्स बेस, ॲलन पार्कर गिटार, बॅरी मॉर्गन ड्रम, रॉजर कूलम ऑर्गन. सगळे लंडनचे हुकमी स्टुडिओवादक. गायला मॅडलिन बेल आणि गीतकार रॉजर कुक. १९६९ला ‘मेल्टिंग पॉट’ तिसऱ्या क्रमांकावर, १९७१ला ‘बॅनर मॅन’ तिसऱ्या क्रमांकावर. टीव्हीवर सतत. आमच्या घरमालकीणबाई स्वयंपाकघरात ‘बॅनर मॅन’ गुणगुणायच्या, आम्हाला त्याचा अर्थ लागायचा नाही पण पाय हलायचे. १९७४ला खेळ आटोपला.

म्हणजे स्टुडिओवाल्यांना गाणी चालवता येत नाहीत असं मुळीच नाही. त्यांनी साधी, मोठ्याने म्हणता येतील अशी गाणी केली. तुमच्या फॉस्टरच्या गाण्यात मधेच पट्टी बदलते, ती बाथरूममध्ये कशी म्हणणार?

आणि हर्बी फ्लॉवर्स म्हणजे लू रीडच्या ‘वॉक ऑन द वाइल्ड साइड’मधली ती घसरत जाणारी बेसची ओळ. आधी उभ्या बेसवर वाजवली, मग त्यावरच इलेक्ट्रिक बेस चढवला. दोन वाद्यं वाजवली म्हणून युनियनच्या नियमाने दुप्पट पैसे मिळाले. रॉयल्टी शून्य. गाणं जन्मभर वाजतंय. २०२४ला वारला बिचारा. तसा हसतमुख होता, तक्रार केल्याचं कधी वाचलं नाही.

पुणेरी पेटी

नाना, ‘मेल्टिंग पॉट’चे शब्द आता वाचले. हेतू चांगला असेल, पण शब्द आज अंगावर येतात.

नाना लंडनवाले

येतातच. २०१९ला तिथल्या प्रसारण नियामकाने ते गाणं जसंच्या तसं वाजवणाऱ्या रेडिओ केंद्राला दोषी धरलं. तेव्हा आम्ही ते बंधुभावाचं गाणं म्हणून ऐकत होतो. असो, तो वेगळा धागा होईल.

स्वप्ना_योकोहामा

धागा वाचून गंमत वाटली, कारण इथे जपानात एअरप्ले विसरलेला बँड अजिबात नाही. तो अल्बम इथे ‘रोमँटिक’ या नावाने निघाला होता आणि जुन्या रेकॉर्डांच्या दुकानात एओआरचा (‘अडल्ट ओरिएंटेड रॉक’, म्हणजे असंच गुळगुळीत पॉप-रॉक) जो वेगळा कप्पा असतो, त्यात हमखास दिसतो. माझ्या ऑफिसातले साठीच्या आसपासचे एक सहकारी आहेत. मी भारतीय म्हणून माझ्याशी सतारीबद्दल बोलायचे. एकदा ग्रेडनचं नाव काढलं तर तासभर थांबले नाहीत, कोणत्या गाण्यावर कोणता ड्रमर हे तोंडपाठ.

इथल्या लोकांना मागे कोण वाजवतंय हे वाचायची सवय आहे. रेकॉर्डच्या आतल्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलेली नावं त्यांनी नायकांसारखी जपली. पेटी म्हणाले ना, की गायक कोण ते कळलं नाही. इथे तो प्रश्नच नाही, लोक पोर्कारोचा ड्रम ऐकायला रेकॉर्ड घेतात. १९९३ला ग्रेडनने ‘एअरप्ले फॉर द प्लॅनेट’ असा अल्बम काढला, नावात मुद्दाम जुना बँड. गिऱ्हाईक कुठे आहे ते त्याला बरोबर माहीत होतं.

१९८०च्या आसपासची जपानी पॉप गाणी ऐकून बघा. ब्रासचे तुटक फटके, मधेच पट्टी वर नेणं, शेवटी सगळ्यांचे आवाज एकावर एक. सारखेपणा लगेच कानात भरतो.

मंद्र सप्तक

स्वप्नाताई, उत्तम माहिती. बारीक अक्षरांचा मुद्दा तर फारच महत्त्वाचा. आपल्याकडे ती अक्षरंच छापली जात नव्हती. तबकडीवर संगीतकार, गीतकार, गायक. संपलं.

मडगावकर

मंद्र म्हणतात त्यावरून आमच्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस आठवले. हिंदी सिनेमातले व्हायोलिनवादक आणि संयोजक, प्यारेलाल आणि आर. डी. बर्मन यांचे गुरू. पॉप-रॉकशी संबंध नाही, पण स्टुडिओवाल्यांनी स्वतःचं काहीतरी काढायची गोष्ट आहे म्हणून सांगतो. १९५८ला त्यांनी सिनेमात वाजवणाऱ्या मंडळींना जमवून मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात सिम्फनी ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम केला. आपले राग, पाश्चात्त्य वाद्यवृंद, गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. फार काळ नाही चालला तो प्रकार. १९६५च्या सुमारास ते अमेरिकेला गेले. नाव उरलं ते शिष्याने संगीत दिलेल्या एका धमाल सिनेगीतात, आणि निम्म्या देशाला तो माणूस खरा होता हेच माहीत नाही.

ते लोक सकाळी नऊला स्टुडिओत शिरायचे आणि कोणत्या सिनेमाचं गाणं वाजवतोय हे कित्येकदा त्यांनाही माहीत नसायचं. जुन्या वादकांच्या घरी हे ऐकत मोठा झालोय.

अवली

मडगावकर, यावर लिहाच वेगळं. वाट बघतो.

घुम्या

एक अडाणी प्रश्न. पुन्हा कधीच एकत्र नाही आले?

काळी चार

आले की, एकदा. १९८५ला ‘सेंट एल्मोज फायर’ सिनेमाचं संगीत फॉस्टरकडे होतं. त्यात ‘स्ट्रेस्ड आउट’ हे एक गाणं एअरप्लेच्या नावावर आहे. त्याच तबकडीवरचं जॉन पारचं शीर्षकगीत पहिल्या क्रमांकावर गेलं, त्याचा सहलेखकही फॉस्टर. म्हणजे पुन्हा तेच, आपल्या बँडला कोपऱ्यातली एक जागा आणि हिट दुसऱ्याला!

@पेटी, बँड की प्रकल्प यावर मी अजून भांडेन. ‘क्रायिन ऑल नाइट’ ऐका. मागच्या आवाजांत आणि गिटारमध्ये जी मस्ती आहे ती ऑर्डर घेऊन केलेल्या कामात येत नाही. नेहमी दुसऱ्याच्या घड्याळावर वाजवणारी माणसं एकदाची आपल्या घड्याळावर वाजवतायत हे ऐकू येतं. दुसरीकडे ‘शुड वी कॅरी ऑन’ला मात्र तुमचं म्हणणं लागू पडतं, ते कुणीही गायलं असतं.

पुणेरी पेटी

‘क्रायिन ऑल नाइट’ दोनदा ऐकलं. ठीक, एका गाण्यापुरता बँड मान्य. बाकी नऊ गाण्यांचं बघू.

घुम्या

मी काहीच ऐकलेलं नाही यातलं. कुठून सुरू करू?

मंद्र सप्तक

आधी ‘पेग’, फक्त सोलोसाठी. मग मॅनहॅटन ट्रान्सफरचं ‘नथिन यू कॅन डू अबाउट इट’ आणि लगेच त्यावर एअरप्लेचं. दोन्ही एकापाठोपाठ. कुठलं आवडलं ते इथे येऊन सांग. फोनच्या स्पीकरवर ऐकू नकोस एवढीच विनंती.

घुम्या

ऐकली तिन्ही. गाणं म्हणून ट्रान्सफरवाल्यांचं जास्त आवडलं, चौघांचे आवाज मस्त लागलेत. पण एअरप्लेच्या सोलोला मागे-मागे करून पाच वेळा ऐकलं. त्यात मला तीन गिटारी वेगळ्या मोजता आल्या. किती आहेत नक्की?

मंद्र सप्तक

तीनवर थांबू नकोस, अजून खाली आहेत. डावा कान आधी, मग उजवा.